नमुना क्रमांक एकतीस

भुलेश्वरहून गोणी येते, मागोमाग हिरजीभाईंचा फोन:
"बेन, एकदम असली अशोक, डोळे मिटून घ्या."
डोळे मिटायचा पगार मला मिळत नाही.

विक्रोळीला, कारखान्याच्या मागच्या अंगाला,
अठ्ठावीस वर्षं मी साली कुटते,
स्पिरिटात उकळते,
काचेच्या उभ्या नळीत वाफ चढताना बघते.
वर थंड पाण्याचं वेटोळं असतं. वाफ त्याला लागते,
गार होते, थेंब होऊन सालीवर उतरते,
साल जे देईल ते घेऊन
पुन्हा खाली, पुन्हा आचेवर.
दिवसाला वीस फेऱ्या.

गेल्या श्रावणापासून माझ्याही साधारण तेवढ्याच.
छातीच्या हाडापाशी सुरू होते,
गळा, हनुवटी, कानाची पाळी.
आता ही एवढीच पाळी उरली.
वेटोळं बसवायचं मात्र
माझ्यात कुणीतरी विसरलंय.

पॅकिंगमधली सिल्वी येते,
फ्रीज उघडते, आत डोकं घालून
दोन मिनिटं उभी राहते.
"बाटली शोधते," म्हणते.
कुठली, ते कोणी विचारत नाही.

लोकेश सर, वय एकोणतीस,
लेबलचा मजकूर तपासायला देतात:
'रजोनिवृत्तीच्या वाटेवर तुमची सखी'.
निवृत्ती म्हणे.
ना फंड, ना ग्रॅच्युइटी,
शाल दिलीच कोणी तर भिरकावून देईन.
"पण मॅडम, काम करतं ना हे?"
मी फाइल पुढे सरकवते. आमचीच चाचणी, बत्तीस बायका.
अर्काच्या कॅप्सूलनं वाफा कमी झाल्या.
पिठाच्या कॅप्सूलनंही झाल्या,
थोड्या कमी कमी झाल्या, इतकंच.
"म्हणजे हो की नाही?"
म्हणजे बत्तीस बायका, सर.

शतावरी म्हणजे शंभर नवऱ्यांची, असं कोणी कोणी सांगतं.
मला एकच आहे.
रात्री दोनला मी पंखा पाचवर करते,
तो झोपेतच उठून तीनवर आणतो,
आणि गोधडी माझ्याही अंगावर ओढतो, मायेनं.

एकतीस नंबरची प्लेट दिव्याखाली धरली.
जिथं पट्टा उमटायचा
तिथं नुसता जांभळा उजेड.
अशोक नव्हे. आसोपालव.
आमच्या सोसायटीच्या कुंपणाला अकरा आहेत,
सरळसोट, सावली न देणारे,
सगळे त्यांना अशोकच म्हणतात. सभेच्या इतिवृत्तातसुद्धा.
खरा मी राणीच्या बागेत पाहिलेला, कॉलेजात असताना.
ठेंगणा, पसरलेला,
जाड फांदीतूनच केशरी झुबके फुटलेले,
आणि मी विशीतली, खाली बसून नावं पाठ करणारी.
झाड कशावरचं औषध ते पाठ होतं.
कशावरचं म्हणजे काय, ते नव्हतं.

शेरा लिहिला: नामंजूर. गोणी परत.
हिरजीभाई म्हणाले, "बेन, तुमची नजर फार कडक."

आता एक सांगते, सिल्वीलाही सांगितलेलं नाही.
नमुना सव्वीस. त्याच दुकानाची गोणी.
मी रजेवर होते, नव्या मुलीनं पास केली,
मग ऑर्डरच रद्द झाली, माल बाजारात गेला नाही.
एक बरणी उरली. ती माझ्या पर्समधून घरी आली.
गेले तीन महिने रोज रात्री एक चमचा,
कडू, तुरट, जीभ आखडून जाते.
आणि झोप लागते.
सलग नाही, पण चार-चार तास.
परवा तर पंखा तीनवरच राहिला,
सकाळी लक्षात आलं.

सव्वीसच्या सालीचा तुकडा फळीवर आहे,
पुडीत, माझ्याच अक्षरातली चिठ्ठी.
एक प्लेट, चाळीस मिनिटं,
लगेच कळेल.

रोज संध्याकाळी दिवे मालवताना
ती पुडी दिसते.
मी तिच्यावरची धूळ पुसते
आणि परत ठेवते.